महाविद्यालयाचा वार्षिक अहवाल

महाविद्यालयाचा वार्षिक अहवाल म्हणजे एका शैक्षणिक वर्षात महाविद्यालयात काय घडले याची प्राचार्यांनी संस्थेपुढे, विद्यापीठापुढे आणि पालक-विद्यार्थ्यांपुढे मांडलेली अधिकृत नोंद. प्रवेश, निकाल, प्राध्यापकांचे संशोधन, खेळ व कलांमधील यश, राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) आणि राष्ट्रीय छात्रसेनेचे काम, ग्रंथालयात पडलेली भर, नवी बांधकामे, मिळालेल्या देणग्या, निवृत्त झालेले सहकारी, हे सारे तिच्यात येते. महाराष्ट्रात मात्र या एकाच नावाने तीन निरनिराळे दस्तऐवज ओळखले जातात. पहिला स्नेहसंमेलनात वाचला जातो, दुसरा कायद्याने द्यावा लागतो आणि तिसरा नॅक या मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेसाठी संगणकावर भरला जातो. तिघांचे वाचक वेगळे, त्यामुळे तिघांतून दिसणारे महाविद्यालयही थोडे वेगळे असते.

अहवालवाचन

लोकांच्या ओळखीचा अहवाल पहिला. साधारण जानेवारी-फेब्रुवारीत गॅदरिंगच्या दिवसांत पारितोषिक वितरण समारंभ होतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि मग अहवालवाचन असा क्रम ठरलेला. व्यासपीठावर संस्थेचे पदाधिकारी, पुढच्या रांगेत निवृत्त प्राध्यापक आणि मागे कार्यक्रम कधी संपतो याची वाट पाहणारी मुले. पहिली दोन पाने कोणी ऐकत नाही. पण ‘विद्यापीठ संघात निवड’ किंवा ‘प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी दिल्लीला’ असे शब्द येऊन पुढे एखादे नाव उच्चारले गेले की मागच्या रांगांतून शिट्ट्या सुरू होतात. गावाकडच्या महाविद्यालयात त्या नावाचे आईवडील अनेकदा मंडपात बसलेले असतात. एरवी कंटाळवाण्या ठरलेल्या या प्रथेला जो काही जीव आहे तो याच क्षणांमुळे.

समारंभ वर्ष संपण्याआधी होत असल्याने या अहवालातले निकाल गेल्या वर्षीचे आणि स्पर्धांतील यश चालू वर्षाचे असते. ही सरमिसळ इतकी रुळली आहे की कोणाला ती खटकत नाही. तोच मजकूर पुढे महाविद्यालयाच्या वार्षिकांकात छापला जातो. त्यासोबत विभागवार गटछायाचित्रे येतात, पुढे खुर्च्यांवर प्राध्यापक आणि मागे उभे विद्यार्थी. वार्षिकांकांसाठी विद्यापीठे नियतकालिक स्पर्धा घेतात आणि त्या स्पर्धेतले पारितोषिक पुढच्या वर्षीच्या अहवालात जाऊन बसते.

यशाच्या यादीत काही नावे हमखास भेटतात: महाराष्ट्रीय कलोपासक या पुण्यातील संस्थेची 1963 पासूनची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा, राज्यातील विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ हा युवा महोत्सव, ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव आणि ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा. पुण्यातल्या महाविद्यालयाने करंडक जिंकला तर तो अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात येतो. खाली हजेरीचे आकडे काहीही असोत.

पूर्वपीठिका

वर्षाचा हिशेब मांडण्याची सवय आली ती पैशामुळे. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर (ब्रिटिशांच्या शिक्षणविषयक धोरणाच्या पत्रानंतर) खासगी शाळा-महाविद्यालयांना सरकारी अनुदान मिळू लागले आणि अनुदानासोबत तपासणीही आली. मुंबई इलाख्यात शिक्षण संचालकांच्या खात्याकडे विद्यार्थिसंख्या, फी, खर्च व निकाल कळवावे लागत. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर संलग्नतेच्या अटी त्यात मिळाल्या.

दुसरा धागा देणगीदारांचा. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, वामन शिवराम आपटे आणि नामजोशी यांच्या खटपटीतून 1880 मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 2 जानेवारी 1885 रोजी फर्ग्युसन कॉलेज. ज्यांचे नाव कॉलेजला दिले ते गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांची देणगी 1,200 रुपयांची होती. बाकीचा पैसा संस्थानिक, सावकार आणि मध्यमवर्गीय वर्गणीदारांकडून जमवायचा होता. कॉलेजचा आरंभ पेठेतल्या गद्रे वाड्यात झाला. गावाबाहेर, चतुःशृंगीच्या वाटेवर, स्वतःची इमारत उभी राहायला 1895 साल उजाडावे लागले. गोपाळ कृष्ण गोखले वर्गात शिकवत आणि निधीसाठी दारोदार हिंडतही. अशा संस्थेला ‘गेल्या वर्षी तुमच्या पैशाचे आम्ही हे केले’ असे सांगितल्यावाचून पुढच्या वर्षी दारात उभे राहणे शक्य नव्हते.

हिशेब फक्त रुपयांचा नव्हता. वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवण्याची शपथ घेतलेले आजीव सदस्य हेच सोसायटीचे खरे भांडवल होते. बाहेरून मिळणारी कमाई आजीव सदस्याने स्वतःकडे ठेवावी का, यावरून झालेल्या वादांचा शेवट 1890 मध्ये टिळकांच्या राजीनाम्यात झाला. 1892 मध्ये आपटे वारले आणि आगरकर प्राचार्य झाले. 1895 मध्ये तेही गेले. इतकी पडझड सोसूनही कॉलेज वाढत राहिले. पुढे केंब्रिजमध्ये 1899 साली सीनियर रँग्लर (गणिताच्या परीक्षेत पहिले) ठरलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मोठ्या पगाराची वाट सोडून याच कॉलेजात प्राचार्य म्हणून आले. ‘आमच्याकडे कोण शिकवते’ हे त्या काळी संस्थेचे सर्वांत मोठे यश मानले जाई. आजच्या अहवालात ते तक्त्यातील एका ओळीत मावते.

रयत शिक्षण संस्थेची गोष्ट वेगळ्या वळणाची. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले येथे ती स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्याला नेली. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. विद्यार्थ्याने श्रम करावेत आणि त्यातून शिकावे हे तिथले सूत्र. त्यामुळे मुलांनी केलेली शेती आणि कष्टाची कामे हीच वर्षाची प्रगती ठरे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना’ आजही संलग्न महाविद्यालयांच्या अहवालांत लाभार्थींच्या संख्येसह दिसते.

गोव्यात हा प्रवास उशिरा सुरू झाला. मुक्तीनंतर 1962 मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले महाविद्यालय निघाले. 1985 मध्ये गोवा विद्यापीठ होईपर्यंत तिथली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला उत्तरदायी होती.

कायद्याचा अहवाल

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असावी लागते. 1994 च्या कायद्यातील स्थानिक व्यवस्थापन समितीची जागा तिने घेतली. प्राचार्य, संस्थेचे प्रतिनिधी, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, माजी विद्यार्थी आणि विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधी तिच्यात असतात. महाविद्यालयाचा सर्वंकष विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम. 30 जूनला संपणाऱ्या वर्षाचा अहवाल तिने संस्थेला व विद्यापीठाला द्यायचा असतो. या अहवालाला टाळ्या मिळत नाहीत आणि तो फारसा वाचलाही जात नाही. मात्र नवी तुकडी मागताना किंवा नवा विषय सुरू करताना हाच कागद पुढे करावा लागतो.

नॅक आणि एक्यूएआर

विद्यापीठ अनुदान आयोगाने 1994 मध्ये बंगळूर येथे राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद स्थापन केली. तीच नॅक. मूल्यांकन झालेल्या महाविद्यालयाला अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष (आयक्यूएसी) चालवावा लागतो आणि दरवर्षी वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल, म्हणजे एक्यूएआर, सादर करावा लागतो. 2017 च्या सुधारित आराखड्यातही हा अहवाल सात निकषांत विभागलेला होता: अभ्यासक्रम; अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन; संशोधन, नवोपक्रम व विस्तारकार्य; पायाभूत सुविधा; विद्यार्थी साहाय्य व प्रगती; प्रशासन व नेतृत्व; संस्थात्मक मूल्ये व उत्तम प्रथा. त्या आराखड्यात संलग्न महाविद्यालयाच्या मूल्यांकनात सर्वाधिक गुण अध्यापनाला होते. अंतिम श्रेणी चारपैकी मिळालेल्या सरासरी गुणांवर ठरे. 3.51 किंवा अधिक गुणांना ए प्लस प्लस, आणि 1.50 पर्यंत अडकलेल्या महाविद्यालयाला मान्यताच नाही.

या अहवालाने महाविद्यालयाचे रोजचे वागणे बदलले, आणि हा बदल एखाद्या साध्या कार्यक्रमात नीट दिसतो. समजा, मराठी भाषा गौरव दिनी एक व्याख्यान ठेवले. पूर्वी वक्ते येत, बोलत, चहा होई, दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी छापून येत. आता व्याख्यानाआधी प्राचार्यांच्या सहीची सूचना काढायची, वक्त्यांना निमंत्रणपत्र व त्याची पोच, उपस्थितीपत्रकावर मुलांच्या सह्या, जिओटॅग केलेली छायाचित्रे (कोपऱ्यात अक्षांश, रेखांश, तारीख व वेळ दिसलीच पाहिजे), अभिप्राय-अर्ज, एक पानी वृत्तांत, आभारपत्र, आणि हे सगळे स्कॅन करून विभागाच्या फाइलमध्ये आणि ड्राइव्हवर. वक्ता काय बोलला याला त्या फाइलमध्ये दोन ओळी असतात. व्याख्यान सुरू असताना पाच मुले आणि एक सर मोबाईल उंचावून फलक चौकटीत येतो का हे पाहत उभे असतात. कागद नसला तर कार्यक्रम झालाच नाही, असा हा व्यवहार. तो पूर्णपणे फुकट आहे असे म्हणता येणार नाही. केवळ तोंडी फुशारकीवर चालणाऱ्या संस्थांना त्याने चाप लावला, हेही खरे.

हे काम ज्याच्या गळ्यात पडते तो आयक्यूएसी समन्वयक बहुधा तासिका सांभाळूनच ते करतो. विभागप्रमुखांकडून माहिती गोळा करणे हा त्याचा वर्षभराचा छंद. प्रत्येकाने पाठवलेल्या तक्त्याचा नमुना वेगळा, एकाच चर्चासत्राची नोंद दोन विभागांनी केलेली, आणि शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या आयएसएसएन या ओळखक्रमांकात एक आकडा हमखास चुकलेला.

त्यातच केंद्र सरकारचे अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण असते, ज्यात विद्यार्थिसंख्या ठरवून दिलेल्या संदर्भदिनाची द्यायची, आणि 2016 पासून शिक्षणसंस्थांच्या क्रमवाऱ्या जाहीर करणारे एनआयआरएफ. प्रत्येकाची व्याख्या व तारीख वेगळी. उशिराचे प्रवेश आणि मधूनच गळालेली मुले धरली-सोडली की एकाच वर्षाची विद्यार्थिसंख्या तीन ठिकाणी तीन होते. त्यात लबाडी असतेच असे नाही.

परिसराची वाढ

अहवालातला सर्वांत ठसठशीत भाग बांधकामांचा. इमारत डोळ्यांना दिसते, तिचे उद्घाटन करता येते आणि कोनशिलेवर नावे कोरता येतात. अकराव्या व बाराव्या पंचवार्षिक योजनांच्या काळात (2007 ते 2017) विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अनुदानातून अनेक महाविद्यालयांत मुलींची वसतिगृहे, प्रयोगशाळा, क्रीडा सुविधा उभ्या राहिल्या. हे अनुदान आयोगाच्या कायद्यातील 12 (बी) कलमाखाली नोंद असलेल्यांनाच मिळे. म्हणून महाविद्यालयांच्या लेटरहेडवर ‘2 (एफ) व 12 (बी)’ अशी अक्षरे अजून अभिमानाने मिरवतात. 2013 मध्ये रुसा ही केंद्राची अनुदान योजना आली आणि आता तिच्या जागी पीएम-उषा. जोडीला आमदार-खासदार निधी आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या.

1983 मध्ये राज्याने विनाअनुदानित तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिल्यावर परिसर हीच प्रवेशासाठीची जाहिरात बनली. त्या महाविद्यालयांच्या अहवालांत एकर, चौरस फूट आणि संगणकांची संख्या पुढे आली. अलीकडे नॅकच्या सातव्या निकषामुळे सौर पॅनेल, जलपुनर्भरण, गांडूळखत आणि अपंगांसाठी रॅम्प यांची भर पडली आहे. यातला रॅम्प खरोखर मोलाचा. फक्त त्याच्या वरच्या टोकाला उंबरठा ठेवू नये, एवढे बांधकाम विभागाला सांगावे लागते.

वाचताना

वार्षिक अहवाल हा लिहिणाऱ्याच्याच बाजूने लिहिलेला मजकूर असतो, हे गृहीत धरून तो वाचावा. नॅकच्या ‘उत्तम प्रथा’ या नमुन्यात उद्दिष्टे, संदर्भ, प्रत्यक्ष कृती आणि यशाचे पुरावे यांच्याबरोबर ‘आलेल्या अडचणी’ असाही मुद्दा आहे. सगळ्यात कोरडी उत्तरे तिथेच भेटतात. ‘निधीची कमतरता’ किंवा ‘वेळेचा अभाव’ यांच्यापलीकडे सहसा कोणी जात नाही. पण तोच मुद्दा मनापासून लिहिला असेल तर त्या महाविद्यालयाविषयी विश्वास वाटतो.

पालकाला किंवा नव्या प्राध्यापकाला खरी माहिती हवी असेल तर एका वर्षाचा अहवाल पुरत नाही. सलग तीन वर्षांचे एक्यूएआर संकेतस्थळावरून उतरवून घ्यावेत. ते संकेतस्थळावर ठेवणे अपेक्षितच आहे. पहिल्या वर्षाला किती मुले होती आणि तीच तुकडी तिसऱ्या वर्षाला किती उरली हे पाहावे. मंजूर पदे किती, पूर्णवेळ भरलेली किती, आणि उरलेले वर्ग तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक किती मानधनावर सांभाळतात हे विचारावे, कारण मानधनाचा आकडा अहवालात नसतो. ग्रंथालयाच्या खर्चात पुस्तके किती आणि फर्निचर किती, हे वेगळे काढावे. सामंजस्य करारांची यादी लांबलचक असेल तर त्यातल्या कितींखाली वर्षभरात एखादा तरी उपक्रम झाला, तेही तिथेच शेजारच्या रकान्यात सापडते.