हवामानबदल आणि विद्यापीठे

मानवी व्यवहारांमुळे पृथ्वीच्या हवामानात होत असलेल्या दीर्घकालीन बदलांचा विद्यापीठांतील विविध विद्याशाखांनी एकत्रितपणे केलेला अभ्यास, त्याचे अध्यापन, समाजापर्यंत नेलेले विस्तारकार्य आणि या प्रश्नासंबंधी विद्यापीठांनी संस्था म्हणून घेतलेले निर्णय यांचा विचार या नोंदीत केला आहे. विषयाची पायाभरणी भौतिक विज्ञानांनी केली असली, तरी त्याचे परिणाम शेती, आरोग्य, अर्थव्यवहार, स्थलांतर आणि कायदा अशा सर्व क्षेत्रांत उमटत असल्याने तो एका विभागात मावत नाही. विद्यापीठाची रचना मात्र विभागांचीच असते.

कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेचे चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे सलग मापन सुरू केले. इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७२ मध्ये ह्यूबर्ट लॅम्ब यांनी हवामान संशोधन केंद्र स्थापन केले. उपकरणांपूर्वीच्या काळातील हवामान जाणून घेण्यासाठी लॅम्ब यांनी जुन्या बखरवजा नोंदी, पिकांचे व जहाजांचे दप्तर अशी साधने चाळली, त्यामुळे इतिहासाची पद्धत या अभ्यासात आरंभापासून होती. पुढे २००९ मध्ये शिकागो विद्यापीठातील इतिहासकार दीपेश चक्रवर्ती यांनी उलट बाजूने प्रश्न मांडला : माणूस स्वतःच भूशास्त्रीय शक्ती झाला असेल, तर निसर्गाचा इतिहास वेगळा आणि माणसाचा वेगळा ही इतिहासकारांची जुनी विभागणी टिकत नाही. या मांडणीनंतर मानव्यविद्यांमध्ये हवामानाची चर्चा झपाट्याने वाढली.

भारतात या अभ्यासाचे केंद्र मॉन्सून हे आहे. बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत सुलोचना गाडगीळ यांनी केलेले कार्य या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. मूळच्या पुण्याच्या आणि हार्वर्डमधून गणितात डॉक्टरेट मिळवलेल्या गाडगीळ यांनी हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का यांच्यासमवेत १९८० मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे समुद्रावरील ढगांचा पट्टा उत्तरेकडे भारतीय भूमीवर कसा सरकतो हे दाखवले. त्यानंतर आंध्र प्रदेशातील अनंतपूर परिसरातील कोरडवाहू भुईमूग हा त्यांच्या संशोधनाचा विषय झाला. पेरणी नेमकी केव्हा करावी, हा शेतकऱ्याचा साधा प्रश्न घेऊन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकालीन पर्जन्यनोंदी आणि पीकवाढीचे गणिती प्रारूप एकत्र आणले आणि या कामात शेतकऱ्यांनाही सहभागी करून घेतले. गणितज्ञ सिद्धार्थ गाडगीळ यांच्यासह २००६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात, राष्ट्रीय उत्पन्नातील शेतीचा वाटा घटूनही तीव्र अवर्षणाचा फटका सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या २ ते ५ टक्के इतका कायम राहिला आहे आणि चांगल्या पावसाच्या वर्षी त्या प्रमाणात लाभ होत नाही, असा निष्कर्ष आहे. वातावरणविज्ञान आणि अर्थशास्त्र यांची सांगड घालायची म्हणजे काय करायचे, याचे हे उत्तम उदाहरण मानता येईल. भारतीय विज्ञान संस्थेतच २००९ मध्ये दिवेचा हवामानबदल केंद्र स्थापन झाले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २०१२ पासून हवामान अभ्यासाचा आंतरविद्याशाखीय कार्यक्रम सुरू झाला, तर टाटा समाजविज्ञान संस्थेने हा विषय सामाजिक विज्ञानांच्या अंगाने शिकवला.

विद्याशाखांचा प्रत्यक्ष मेळ सर्वांत नियमितपणे दिसतो तो कृषी विद्यापीठांत, जरी हवामानबदलाच्या चर्चेत त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते. परभणी, राहुरी, अकोला आणि दापोली येथील विद्यापीठे कृषी हवामान सल्ला तयार करतात. भारतीय हवामान विभागाकडून पुढील पाच दिवसांचा पाऊस, कमाल-किमान तापमान, आर्द्रता, ढगाळपणा आणि वारा यांचा जिल्हावार अंदाज येतो, आणि त्यावर कृषिविद्या, कीटकशास्त्र, वनस्पतिरोगशास्त्र, उद्यानविद्या व पशुविज्ञान यांतील तज्ज्ञ आपापला सल्ला जोडून दर मंगळवारी व शुक्रवारी पत्रक काढतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि जमिनीत वापसा (पेरणीयोग्य ओल) आल्यावरच पेरणी करावी, वारा जास्त असताना फवारणी टाळावी, काढलेले सोयाबीन झाकून ठेवावे, अशी त्यातील भाषा असते. मृगाच्या पहिल्या सरीवर पेरणी उरकून पुढे पावसाने ओढ दिली की दुबार पेरणीचे संकट येते, हे मराठवाड्यात वेगळे सांगावे लागत नाही. उत्तर ठरलेल्या वारी द्यावेच लागत असल्याने येथे विभागांच्या सीमांवर वाद घालण्यास वाव नसतो. हा सल्ला अधिक स्थानिक करण्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांत उभारलेली जिल्हा पातळीवरील केंद्रे मात्र २०२४ मध्ये बंद करण्यात आली.

अध्यापनाची स्थिती याहून कमकुवत आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या आदेशानुसार पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे झाले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी ५० तासिकांचा अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील एरच भरुचा यांनी लिहिले. या अभ्यासक्रमात हवामानबदलाला ७ तासिकांच्या एका घटकात जेमतेम एक ओळ मिळाली होती, तीही आम्लपर्जन्य, ओझोनचा क्षय आणि अणुदुर्घटना यांच्या पंक्तीत. आयोगाच्या २०२३ च्या आराखड्यात या विषयाला स्वतंत्र घटक मिळाला. स्पेनमधील बार्सिलोना विद्यापीठाने, २०२२ च्या अखेरीस विद्यार्थ्यांनी इमारतीत ठिय्या दिल्यानंतर, सर्वच विद्यार्थ्यांना हवामान संकटावरील अभ्यासक्रम लागू करण्याचे मान्य केले. सक्तीचा एक पेपर वाढवल्याने अर्थशास्त्राच्या किंवा स्थापत्य अभियांत्रिकीच्या मूळ अभ्यासक्रमात काही बदलतेच असे नाही, हा आक्षेप दोन्हीकडे लागू पडतो.

परदेशात विद्यार्थी चळवळीचा रोख विद्यापीठांच्या गुंतवणुकीवरही राहिला. ग्लासगो विद्यापीठाने २०१४ मध्ये, तर हार्वर्डने २०२१ मध्ये जीवाश्म इंधन उद्योगांतील गुंतवणुकीपासून दूर होण्याचे जाहीर केले. भारतीय सार्वजनिक विद्यापीठे मुख्यतः अनुदान आणि शुल्क यांवर चालतात, त्यामुळे हा मुद्दा येथे फारसा उद्भवला नाही. येथे विद्यापीठाच्या आवाराची चर्चा होते ती ‘नॅक’ या उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या परिषदेच्या मूल्यांकनातील हरित व ऊर्जा लेखापरीक्षणाच्या निमित्ताने, पुष्कळ ठिकाणी ती वृक्षारोपणाच्या छायाचित्रांपुढे जात नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये चार विद्याशाखा आहेत आणि त्यांतील एक आंतरविद्याशाखीय अभ्यासाची आहे. प्रत्यक्षात तिच्याखाली शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, वृत्तपत्रविद्या असे विषय येतात. पर्यावरणशास्त्र साधारणतः विज्ञान व तंत्रज्ञान शाखेत राहते, अर्थशास्त्र मानवविज्ञान शाखेत. पीकविम्यातील पर्जन्यमापनाच्या निकषांवर संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामुळे आधी आपला प्रश्न कोणत्या अभ्यास मंडळाचा हे ठरवावे लागते, आणि मार्गदर्शकाची मान्यता, नोंदणी व परीक्षक हे सारे त्यानंतर त्याच एका विषयानुसार ठरते.