गोळी घेतली, नाश्ता राहिला

ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या ग्राहकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

आधी पाकीट उलटं करून बघा. कंपनीचं नाव काहीही असो, मागे बारीक अक्षरांत ‘ग्लिमेपिराइड 1 मि.ग्रॅ.’ किंवा ‘2 मि.ग्रॅ.’ असं छापलेलं असेल, तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे. बहुतेक वेळा त्याच गोळीत मेटफॉर्मिन 500 ही असतं. नावाच्या शेवटचा 1 किंवा 2 हा आकडा सहसा ग्लिमेपिराइडचा असतो. चुकून 1 च्या जागी 2 आला तर डोस थेट दुप्पट होतो, म्हणून आमच्याकडून घेतलेलं पाकीटसुद्धा चिठ्ठीशी ताडून बघा.

ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही, आणि तिचा परिणाम चोवीस तासांपर्यंत राहतो. मेटफॉर्मिन एकटं असेल तर शुगर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. जोडगोळीत ती खाली जाते ती ग्लिमेपिराइडमुळे.

घोळ होतो तो वेळेचा. रविवारी साडेसातला सवयीने गोळी घ्यायची, मग सगळ्यांनी मिळून मिसळीला निघायचं, तिथे नंबर लागेपर्यंत अकरा. तोवर पोटात फक्त चहा. तेव्हा गोळी खिशात ठेवा आणि मिसळ-पाव पुढ्यात आल्यावर घ्या. घरीही तसंच: नाश्त्याच्या अगदी आधी किंवा पहिल्या घासाबरोबर. एखाद्या वेळी नाश्ता होणारच नसेल, तर गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्यांना जास्त जपायला हवं. उपास आणि दिवसभराची चाल, दोन्ही शुगर उतरवतात. नवरात्रात उपाशीपोटी सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या चढणाऱ्यांचंही तेच. त्या दिवसाचा डोस निदान आठवडाभर आधी ठरवून घ्या. स्वतःच्या मनाने कमी-जास्त नको.

शुगर 70 च्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, धडधडतं, भूक खवळते. आणखी उतरली की माणूस चिडतो, अडखळत बोलतो, असंबद्ध बरळतो. दारू प्यायलाय असं लोकांना वाटतं आणि मोलाचा वेळ जातो. बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवेलच असं नाही. घाम मात्र सहसा येतो, तेवढी खूण पकडा.

लगेच अर्धा पेला पाण्यात चहाच्या चमच्याने भरून तीन चमचे ग्लुकोज पावडर घालून प्यायला द्या. म्हणजे साधारण 15 ग्रॅम. ग्लुकोज नसेल तर तेवढीच साखर. पंधरा मिनिटांनी मशीनवर तपासा. अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्या. बरं वाटलं की पोळी-भाजी किंवा दूध-बिस्किटं. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-लोण्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. गाडीवर असाल तर आधी गाडी बाजूला घ्या.

इथे एक मेख आहे. गोळीत ‘व्होग्लिबोज’ किंवा ‘अकार्बोज’ हे तिसरं औषध असेल, तर साखरेचा उपयोग वेळेवर होत नाही. साखर आतड्यात फुटून तिचं ग्लुकोज व्हावं लागतं आणि हे औषध नेमकं तेच अडवतं. अशांनी ग्लुकोजच जवळ बाळगावं. पावडरीची पुडी शर्टाच्या खिशातही मावते.

वय सत्तरीपुढचं असेल किंवा किडनी कमजोर असेल तर औषध शरीरात रेंगाळतं. बुरशीसाठीचं फ्लुकोनाझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, क्लॅरिथ्रोमायसिन, कोट्रायमोक्साझोल ही अँटिबायोटिक्स घेताना शुगर अचानक उतरू शकते. ती लिहून घेताना मधुमेहाची गोळी चालू आहे हे डॉक्टरांना सांगा, आमच्या काउंटरवरही सांगा. दारूमुळे लिव्हरचं साखर सोडणं मंदावतं. द्राक्षांच्या गावात राहतो म्हणून सांगतो, वाइनही त्यात आलीच.

मेटफॉर्मिनचा धोका वेगळा आहे. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं तर किडनीवर ताण येतो, औषध साचतं आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू शकतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेततं. अशा आजारपणात आणि डाय देऊन करायच्या सीटी स्कॅनआधी गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवा, 108 ला फोन करा. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्याच, कारण गोळीचा अंमल बाकी असतो आणि काही तासांनी शुगर पुन्हा उतरू शकते. जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं बरोबर घ्या, रिकामी झालेलीसुद्धा, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते कागदावर लिहून न्या.