मोजकं लिनक्स आणि हलकं लिनक्स

जुना लॅपटॉप लिनक्सवर पुन्हा उभा करायचा म्हटलं की मिनिमल आणि लाइटवेट हे दोन शब्द जोडीनंच कानावर येतात. "मिनिमल इन्स्टॉल टाक, हलकं होईल," असा सल्ला मीही अनेकांना दिलाय. तो अर्धाच खरा आहे. मिनिमल म्हणजे मोजकं, डिस्कवर कमीत कमी गोष्टी असलेलं. लाइटवेट म्हणजे हलकं, चालू असताना मेमरी आणि प्रोसेसर कमी खाणारं. पहिल्याचं माप डिस्कवर घ्यायचं, दुसऱ्याचं रॅममध्ये.

मला हे उशिरा कळलं. एका मशीनवरून ऑफिस सूट, खेळ, नको असलेले प्रोग्रॅम, दिसेल ते काढत सुटलो होतो. डिस्कवर काही जीबी मोकळे झाले, पण मेमरीचा आकडा होता तिथेच. हलणार कसा? न उघडलेलं लिबरऑफिस डिस्कवर नुसतं पडून असतं, रॅमला त्याचा पत्ताही नसतो. (त्याच सफाईत यादी न वाचता वाय दाबलं आणि नेटवर्कमॅनेजरही गेला. तो परत आणायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटला तो. असो.)

रॅम खातं ते चालू असलेलं: डेस्कटॉप, मागे चालणाऱ्या सर्व्हिसेस, फाइलींचा इंडेक्स बनवत बसणारे प्रोग्रॅम आणि अर्थातच ब्राउझर. तरी दोन्हींत गल्लत होते ती उगाच नाही. डेबियनवर (ही लिनक्सची एक डिस्ट्रो, म्हणजे तयार आवृत्ती) एखादी सर्व्हिस इन्स्टॉल केली की ती सहसा आपोआप सुरूही होते, त्यामुळे पॅकेजेस, म्हणजे इन्स्टॉल केलेले सॉफ्टवेअरचे गठ्ठे, कमी केले की कधीकधी मेमरीही सुटते. पण त्यासाठी पॅकेज काढायची गरज नसते. सिस्टिमसीटीएल या कमांडनं सर्व्हिस डिसेबल केली तरी तेवढाच फायदा.

अल्पाइन लिनक्स ही डिस्ट्रो मोजकेपणाचा नमुना. त्यात जीलिबसी या बहुतेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या मूळ लायब्ररीच्या जागी मसल ही छोटी लायब्ररी आहे, नेहमीच्या कितीतरी कमांडचं काम एकटा बिझीबॉक्स करतो, आणि कंटेनरसाठीची (प्रोग्रॅम वेगळ्या बंदिस्त जागेत चालवण्यासाठीची) इमेज जेमतेम काही एमबीची. पण त्यावर ग्नोम हा भरगच्च डेस्कटॉप चढवला की मेमरीच्या हिशेबात तो बाकीच्या ग्नोमवाल्यांच्या पंगतीत जाऊन बसतो. वर जीलिबसीसाठी बांधलेले तयार प्रोग्रॅम त्यावर सरळ चालत नाहीत, ते वेगळंच. उलट डेबियनवर दोन हजार पॅकेजेस भरा, पण लॉगिन करताना आइसडब्ल्यूएम हा फक्त खिडक्या सांभाळणारा हलका प्रोग्रॅम निवडा. डिस्क फुगलेली, चाल मात्र हलकी.

पपी लिनक्स तर दोन्ही व्याख्यांना चकवतं. बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं हे लिनक्स, पुरेशी रॅम असेल तर आपली दाबून बसवलेली (कॉम्प्रेस केलेली) सिस्टिम फाइल सगळीच्या सगळी रॅममध्ये घेतं. म्हणून रडतखडत चालणाऱ्या हार्ड डिस्कच्या मशीनवरही ते चपळ वाटतं. हा वेग रॅम वाचवून आलेला नाही, खर्चून आलेला आहे.

तेव्हा आधी आपल्याकडे तुटवडा कशाचा ते बघा. आठ-सोळा जीबीचं स्टोरेज असेल तर मोजकं हवं. डिस्क मोठी आणि रॅम दोन जीबी असेल तर डिस्ट्रो बदलायचीही गरज नाही. आहे त्यावरच एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप किंवा आइसडब्ल्यूएम टाका.

दोन्ही हवं असेल तर डेबियनची नेटइन्स्ट इमेज (बाकीचं इंटरनेटवरून उतरवणारा छोटा इन्स्टॉलर) घ्या. मात्र प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला त्यासाठी इन्स्टॉलरच नाही. सॉफ्टवेअर निवडण्याच्या स्क्रीनवर डेस्कटॉपपुढच्या सगळ्या टिकमार्कच्या खुणा काढून टाका. रीस्टार्टनंतर काळ्या पडद्यावर लॉगिन येईल. मग झॉर्ग (पडद्यावर चित्र दाखवणारा पाया), ओपनबॉक्स (खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम), एक पॅनेल, एक फाइल मॅनेजर असं एकेक चढवा. डेबियनचं पॅकेजेस उतरवणारं एपीटी मूळ पॅकेजबरोबर 'रेकमेंडेड' पॅकेजेसही न विचारता आणतं, ते नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स या पर्यायानं थांबतं.

इथे मोजकेपणा चावायला लागतो. आवाज नाही, बॅटरी किती उरली ते दिसत नाही, पेन ड्राइव्ह लावला तर आपोआप उघडत नाही. मराठी पान उघडलं तर अक्षरांच्या जागी चौकोनांची रांग. फॉन्ट्स-नोटो-कोअर हे फॉन्टचं पॅकेज टाकल्यावर ती जाते. तयार हलक्या डिस्ट्रोवाल्यांनी ही यादी आधीच पुरी केलेली असते. त्यांची डिस्कवरची जाडी बरीचशी यातूनच येते, आणि मला ती आता खटकत नाही.

सगळं जमलं की मशीन रीस्टार्ट करून काहीही न उघडता फ्री कमांड चालवा. त्यातला 'अव्हेलेबल' रकाना पाहा, 'फ्री' नको, कारण रिकामी रॅम लिनक्स कॅशसाठी वापरत राहतं. मग ब्राउझरमध्ये पाच टॅब उघडून पुन्हा तोच रकाना पाहा. पहिल्या आकड्यासाठी दोन दिवस झटलेल्या माणसाला दुसरा आकडा बघताना जरा वाईट वाटतं. अशा वेळी झेडरॅम चालू करा. फारसा न लागणारा डेटा ते रॅममध्येच दाबून ठेवतं, आणि दोन जीबीच्या मशीनवर आणखी एखाद-दुसरा टॅब निभावतो.