जस्ताची राख शेतात जाते तेव्हा

विजेचे मनोरे, रस्त्याकडेचे कठडे, पाण्याचे पाइप यांना गंज लागू नये म्हणून वितळलेल्या जस्तात बुडवतात. जस्त ४१९.५ अंश सेल्सिअसला वितळते आणि गॅल्व्हनायझिंगची कढई साधारण ४५० अंशांवर ठेवतात. उघड्या पृष्ठभागावर हवेमुळे सतत साय धरते. कामगार ती झाऱ्याने बाजूला ओढून काढतात. हीच झिंक अ‍ॅश. तिला राख म्हणत असले तरी तिच्यात ६० ते ८० टक्के जस्त असते. काही ऑक्साइडच्या रूपात, काही धातूच्या बारीक मण्यांच्या रूपात, तर काही क्लोराइडच्या रूपात. क्लोराइड येते ते फ्लक्समधून, कारण बुडवण्याआधी लोखंडाला झिंक अमोनियम क्लोराइडचा हात दिलेला असतो. कढईच्या तळाशी लोखंड आणि जस्ताचा जड मिश्रधातू साचतो, तो ड्रॉस. त्याचा रस्ता वेगळा आहे. इथे बोलायचे आहे ते राखेबद्दल, कारण सल्फ्युरिक आम्लात विरघळवून तिच्यापासून झिंक सल्फेट होते आणि ते खत म्हणून शेतात पडते.

कायद्याच्या दृष्टीने ही राख घातक कचऱ्यात मोडते. २०१६च्या नियमांनुसार तिच्यावर प्रक्रिया करायची तर राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. हा कागदी सोपस्कार नाही. जस्त विरघळवणे सोपे असते. त्याच्याबरोबर काय काय विरघळले, हे सांभाळणे अवघड. अनेक कारखाने कढईत मुद्दाम शिसे घालतात. ते तळाशी बसते आणि त्यावरून ड्रॉस उपसणे सोपे जाते. कमी शुद्धतेच्या किंवा भंगारातून वितळवलेल्या जस्तात कॅडमियम हा विषारी धातूही असतो. यातले थोडेफार राखेत उतरतेच.

पहिले काम दळायचे आणि चाळायचे. बॉल मिलमध्ये ऑक्साइडची भुकटी होते. धातूचे मणी मऊ असल्याने फुटत नाहीत, नुसते चपटे होतात आणि चाळणीवर राहतात. ते थेट भट्टीत वितळवायचे. ही पायरी गाळणारे दोन्हीकडून तोट्यात जातात. धातूरूप जस्त अ‍ॅसिडमध्ये टाकले की हायड्रोजन निघतो, आणि हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या रुंद पट्ट्यात तो स्फोटक असतो. शिवाय जो मणी धातू म्हणून चांगल्या भावाने विकला गेला असता, त्याच्यावर अ‍ॅसिड फुकट जाते.

भुकटी पाण्याने धुतली की क्लोराइड निघते. थोडे जस्तही त्याबरोबर जाते, म्हणून धुण्याच्या पाण्यात सोडा अ‍ॅश घालून ते परत खाली बसवतात. क्लोराइड काढण्यामागे एक नेमके कारण आहे. शिशाचे सल्फेट जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे सल्फ्युरिक अ‍ॅसिड वापरल्यावर बहुतेक शिसे आपोआप गाळात राहते. पण द्रावणात क्लोराइड भरपूर असेल तर शिसे त्याच्याशी संयुग करून विरघळते, आणि फुकट मिळालेली ही शुद्धी हातची जाते.

आता हिशेब. ७० टक्के जस्ताची १०० किलो राख घेतली तर ढोबळमानाने ९८ टक्के शुद्धतेचे १०७ किलो सल्फ्युरिक अ‍ॅसिड लागते. सगळे जस्त हाती आले तर ३०८ किलो हेप्टाहायड्रेट, म्हणजे सात रेणू पाण्याचे झिंक सल्फेट, मिळायला हवे. प्रत्यक्षात नव्वद टक्के निघाले तरी २७५ किलोच्या वर माल होतो. अ‍ॅसिड नेहमी पाण्यात, हळूहळू, ढवळत सोडायचे आणि राख थोडी थोडी घालायची. सगळी राख एकदम ओतली की उष्णता आणि फेस टाकीबाहेर येतो.

विरघळल्यावर द्रावणात जस्ताबरोबर लोखंड, तांबे, कॅडमियम, थोडे आर्सेनिक असते. ते कोणत्या क्रमाने काढायचे, यावर सगळा खेळ आहे.

आधी लोखंड. द्रावणात ते फेरस रूपात असते आणि त्या रूपात ते सामू (आम्लता दाखवणारा पीएच) सातच्या पुढे गेल्याशिवाय खाली बसत नाही. तोवर जस्तही बसायला लागलेले असते. म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइडने त्याचे फेरिक, म्हणजे लोखंडाचे सहज खाली बसणारे रूप, करायचे. हिशेबाने १ किलो लोखंडाला ५० टक्क्यांचे सुमारे ६०० ग्रॅम पेरॉक्साइड पुरते. काही वाया जाते, म्हणून थोडे जास्त धरतात. फेरिक हायड्रॉक्साइडचा तपकिरी साका बसताना अ‍ॅसिड मोकळे होते आणि सामू घसरतो. तो ४.५ ते ५ वर धरून ठेवण्यासाठी थोडी राखच घालतात. चारच्या खाली राहिला तर साका मंद आणि अपुरा; साडेपाचच्या वर गेला तर जस्त साक्यात जाते. द्रावण थंड असेल तर हा साका जेलीसारखा होतो आणि फिल्टर प्रेसचे कापड तासाभरात बंद पडते. ६० ते ८० अंशांवर, पेरॉक्साइड धीम्या धारेने सोडून केला तर दाणेदार येतो, गाळायला सोपा.

हा साका बसताना आर्सेनिकला चिकटवून खाली नेतो. म्हणूनच लोखंडाचा नंबर पहिला. पुढच्या पायरीत जस्ताची भुकटी पडते. आर्सेनिक शिल्लक असताना ती पडली आणि द्रावण आम्ल असले तर आर्सिन वायू तयार होतो. तो अत्यंत विषारी आहे, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. वेळ वाचवायला या दोन पायऱ्यांची अदलाबदल करायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

मग झिंक डस्ट, म्हणजे तीच जस्ताची भुकटी. जस्त हे तांबे आणि कॅडमियम या दोघांपेक्षा अधिक क्रियाशील, त्यामुळे ते स्वतः द्रावणात जाते आणि त्यांना धातू म्हणून बाहेर ढकलते. तांबे झटकन बसते, कॅडमियम रेंगाळते. १००० लिटर द्रावणात लिटरमागे २०० मिलिग्रॅम कॅडमियम असेल तर एकूण २०० ग्रॅम झाले. हिशेबाने त्याला ११६ ग्रॅम जस्त पुरते, पण प्रत्यक्षात त्याच्या दोन-तीन पट घालावे लागते. आणि इथेच नेहमीची चूक होते. सगळे बसले म्हणून टाकी रात्रभर तशीच ठेवतात. झिंक डस्ट संपल्यावर हवेच्या संपर्काने बसलेले कॅडमियम पुन्हा विरघळते आणि सकाळचा नमुना नापास होतो. अर्धा-पाऊण तास ढवळून लगेच गाळले पाहिजे. फिल्टरवरचा काळा चोथा म्हणजे तांबे आणि कॅडमियमचे मिश्रण. तो त्याच धातूंचे काम करणाऱ्या परवानाधारकाकडे जातो. लोखंडाचा आणि शिशाचा गाळ मात्र तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथील घातक कचरा विल्हेवाट केंद्रांत पोचवावा लागतो. खर्च वाचवण्याची हाव याच ठिकाणी सुटते, आणि ओढ्यानाल्यांच्या काठी आढळणारे तपकिरी ढीग त्यातूनच येतात.

शेवटी आटवणे आणि स्फटिक पाडणे. हेप्टाहायड्रेट ३९ अंशांच्या खालीच स्थिर असते. त्याच्या वर सहा पाण्याचे स्फटिक पडतात आणि आणखी तापवले तर एका पाण्याचे मोनोहायड्रेट. विदर्भातल्या मे महिन्यात सावलीतच ४४ अंश असतात. तिथे थंड पाण्याची सोय नसेल तर हेप्टाहायड्रेट पाडता येत नाही, आणि पाडलेले गोदामात ठेवले तर पाणी सुटून गोणीत ढेकूळ होते. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी सरळ मोनोहायड्रेट करावे. स्फटिक काढून उरलेले द्रावण पुन्हा टाकीत घेतात, पण दर फेरीला त्यात मॅग्नेशियम आणि क्लोराइड साठत जाते. काही भाग अधूनमधून बाहेर काढलाच पाहिजे.

खत नियंत्रण आदेशाप्रमाणे हेप्टाहायड्रेटमध्ये किमान २१ टक्के जस्त हवे, मोनोहायड्रेटमध्ये ३३. हेप्टाहायड्रेटमध्ये शिसे कमाल ०.००३ टक्के आणि कॅडमियम कमाल ०.००२५ टक्के. ही दुसरी मर्यादा शेताच्या भाषेत मांडून पाहू. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट टाकले तर मर्यादेतल्या मालातून अवघे ०.६ ग्रॅम कॅडमियम जाते. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन साधारण २२.५ लाख किलो. त्यात हे कुठे दिसतही नाही. पण झिंक डस्टची पायरी गाळलेल्या मालात ०.१ टक्का कॅडमियम राहिले, तर दर वेळी २५ ग्रॅम जाते, म्हणजे किलोभर मातीमागे ०.०११ मिलिग्रॅम. अशा वीस मात्रांनंतर ०.२२ मिलिग्रॅमची भर पडते. बहुतेक शेतजमिनींत मुळात कॅडमियम असते ०.१ ते ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे ते दुप्पट व्हायला काहीच अडचण नाही, आणि एकदा गेलेले कॅडमियम जमिनीतून काढायचा परवडणारा उपाय नाही.

बाजारातली फसवणूक बहुधा वेगळीच असते. दिसायला तसेच पांढरे, पण स्वस्त मॅग्नेशियम सल्फेट त्यात मिसळतात. घरी तपासायचे तर चमचाभर खत ग्लासभर पाण्यात विरघळवून त्यात कॉस्टिक सोड्याचे पातळ द्रावण थेंब थेंब सोडावे. दोन्हींत पांढरा साका येतो. सोडा वाढवत नेला की जस्ताचा साका पुन्हा विरघळून पाणी स्वच्छ होते. मॅग्नेशियमचा विरघळत नाही. हात आणि डोळे सांभाळून करायचे.

हे खत मुळात लागते का, ते माती परीक्षण सांगते. महाराष्ट्रातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत जस्त असते, पण पिकाला मिळत नाही. सामू एकने वाढला की मातीच्या द्रावणातले मोकळे जस्त शंभर पटीने घटते. म्हणून एकूण जस्त मोजून शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही; मोजायचे असते उपलब्ध जस्त. त्यासाठी लिंडसे आणि नॉरवेल या मृदाशास्त्रज्ञांनी १९७८ साली मांडलेली डीटीपीए पद्धत आजही वापरतात; डीटीपीए हे धातूंना पकडून द्रावणात आणणारे रसायन. एका लिटरमध्ये १.९७ ग्रॅम डीटीपीए, १.४७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि १४.९ ग्रॅम ट्रायइथेनॉलअमाइन. सामू हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने बरोबर ७.३ वर. डीटीपीए नुसत्या पाण्यात विरघळायला त्रास देते, ते आधी अमाइनबरोबर घोटावे. सामू आणि कॅल्शियम यांची योजना अशी आहे की मातीतला चुना विरघळू नये. तो विरघळला तर त्यात अडकलेले जस्त सुटून आकडा खोटा वाढतो. १० ग्रॅम माती, २० मिलिलिटर द्रावण, दोन तास हलवणे, ४२ नंबरच्या व्हॉटमन कागदातून गाळणे. दोन तास म्हणजे दोनच तास. ही क्रिया तेवढ्यात पूर्ण झालेली नसते, जास्त हलवले तर जास्त जस्त निघते, आणि मग ठरलेल्या मर्यादेशी तुलना करता येत नाही.

गाळलेले द्रावण अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन यंत्रात जस्तासाठी २१३.९ नॅनोमीटरवर वाचतात. समजा वाचन लिटरमागे ०.२८ मिलिग्रॅम आले आणि माती न घालता केलेल्या कोऱ्या नमुन्याचे ०.०३. फरक ०.२५, द्रावण मातीच्या दुप्पट असल्याने दोनाने गुणायचे, म्हणजे किलोमागे ०.५० मिलिग्रॅम. मर्यादा ०.६, म्हणजे जमीन कमतरतेची. (लोहासाठी ती ४.५, मँगनीजसाठी २, तांब्यासाठी ०.२ धरतात.)

आता ०.१ मिलिग्रॅमचा अर्थ पाहा. १० ग्रॅम मातीत तो होतो एक मायक्रोग्रॅम जस्त. एवढे जस्त बाहेरून आले की कमतरतेची जमीन पुरेशी दिसते. माती गोळा करायची बादली जस्ताचा मुलामा दिलेली असेल, तर तिच्या नखाएवढ्या पापुद्र्यात त्याच्या हजारो पट जस्त असते. पितळी चाळणीतून जस्त आणि तांबे दोन्ही येतात. रबरी बुचांत झिंक ऑक्साइड असते. प्रयोगशाळेचे पाणी जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपमधून येत असेल तर कोरा नमुनाच वर चढतो. म्हणून प्लास्टिकचे घमेले, नायलॉनची २ मिलिमीटर चाळण, १० टक्के नायट्रिक अ‍ॅसिडने धुतलेल्या बाटल्या. शेतात नागमोडी फिरून दहा-पंधरा जागी इंग्रजी व्ही आकाराचा १५ ते २० सेंटिमीटर खड्डा घ्यायचा, त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारखी पट्टी लाकडी कामटीने खरवडायची, सगळे मिसळून चौथाईने, म्हणजे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत, अर्धा किलोवर आणायचे आणि सावलीत वाळवायचे. खताचा ढीग, बांध, तारेच्या कुंपणाचा गॅल्व्हनाइज्ड खांब, यांच्या जवळची माती घ्यायची नाही.

कारखान्याच्या शेजारी प्रदूषण तपासायचे असेल तर डीटीपीएचा आकडा पुरत नाही. तिथे अर्धा ग्रॅम माती तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये तापवून जवळजवळ सगळा धातू बाहेर काढतात आणि कॅडमियम, शिसे, आर्सेनिक एकदम वाचणाऱ्या आयसीपी यंत्रावर मोजतात. हातात धरायचे एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारे, यंत्र जस्त आणि शिसे जागच्या जागी दाखवते, पण कॅडमियमच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नये. मातीत जेवढ्या कॅडमियमची चिंता असते तेवढे त्याला बहुधा दिसतच नाही. माती परीक्षणाच्या पत्रिकेत जस्त ‘पुरेसे’ असे लिहून आले, म्हणून राखेच्या ढिगाऱ्याशेजारची जमीन स्वच्छ ठरत नाही. तिथे कॅडमियमसाठी वेगळा नमुना द्यावा लागतो, आणि सोबत ढिगाऱ्यापासून लांबच्या, त्याच प्रकारच्या जमिनीचाही.