बाटलीतली कॉफी 'खोटी' नसते

'इन्स्टंट? ती कॉफीच नव्हे, नुसतं केमिकल!' हे वाक्य हल्ली दर तिसऱ्या घरी ऐकू येतं, विशेषतः ज्यांच्याकडे कॉफीचं नवीन मशीन आलंय त्यांच्याकडे.

प्रत्यक्षात इन्स्टंट म्हणजे आधी करून ठेवलेली आणि मग वाळवलेली कॉफी. बिया भाजून, दळून कारखान्यात तिचा दाट अर्क काढतात. तो गरम हवेत फवारला की पाणी उडतं आणि भुकटी खाली पडते. दुसरी, महागडी पद्धत म्हणजे अर्क गोठवून निर्वातात वाळवायचा. १९३८ साली स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे आली तीही अशीच, वाळवलेल्या अर्काची. वाळवताना सुगंध थोडा उडतो, हे मात्र खरं. कॅफिनही कपामागे बहुधा कमीच असतं.

'चिकोरीची भेसळ' हाही आरोप असतो. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचं भाजून दळलेलं मूळ. काही बाटल्यांत चिकोरी असते, काहींत नसते. प्रमाण लेबलवर छापलेलं असतं, वाचा. आणि ज्या फिल्टर कॉफीचे गोडवे गातात, तिच्या पुड्यातही बऱ्याचदा चिकोरी असतेच!

आता फेटलेली कॉफी घ्या. स्टीलच्या पेल्यात चमचाभर इन्स्टंट कॉफी, दोन चमचे साखर, पाण्याचे चार थेंब. हात दुखेपर्यंत फेटलं की काळपट लगदा बदामी होतो. वर उकळतं दूध, चिमूटभर जायफळ. दळलेल्या बियांचा चोथा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे हा फेस त्यांच्यापासून येणारच नाही. मशीनवाल्यांनी एकदा करून बघावं.