शिबिरात एवढं रक्त जमलं, मग ब्लड बँक 'नाही' का म्हणते?

'फ्रीजमध्ये ठेवलेलं रक्त कितीही दिवस टिकतं, बँकवाले मुद्दाम स्टॉक लपवतात', हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पेशंट ॲडमिट असताना नकार ऐकला की असं वाटणं साहजिक आहे, पण खरी गोष्ट वेगळी आहे.

एका पिशवीतून साधारण तीन गोष्टी काढतात आणि प्रत्येकीची मुदत वेगळी. लाल पेशी 2 ते 6 डिग्रीला ठेवतात, पिशवीतल्या द्रावणानुसार 35 किंवा 42 दिवस टिकतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर. प्लेटलेट्स मात्र फक्त 5 दिवस, त्याही फ्रीजमध्ये नाही, 20 ते 24 डिग्रीला सतत हलत्या मशीनवर, आणि त्यातलाच वेळ एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी, सिफिलिस, मलेरियाच्या टेस्टमध्ये जातो. टेस्टमध्ये अडकलेली पिशवी समोर दिसली तरी देता येत नाही.

आता जयंतीला एकाच दिवशी शेकडो पिशव्या जमल्या, तर त्यातल्या लाल पेशींची मुदतही जवळपास एकत्रच संपणार ना! म्हणून आधी संपणारी पिशवी आधी देतात, तरी मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना, खडखडाट होतोच. निगेटिव्ह ग्रुपचे तर डोनरच कमी. लपवून ठेवलेली पिशवी शेवटी फेकूनच द्यावी लागते, मग त्यात कुणाचा फायदा?

स्वतः बघायचं असेल तर पिशवीवरचं लेबल वाचा, रक्त घेतल्याची तारीख, एक्सपायरी, ग्रुप, टेस्टचे रिझल्ट सगळं छापलेलं असतं. सरकारी पोर्टलवर बँकनिहाय स्टॉकही दिसतो, फक्त तो आकडा अपडेट आहे का हे फोन करून विचाराच.