सह्यांचे निवेदन (नागरी याचिका)

एखादी मागणी किंवा गाऱ्हाणे लिहून, ते मान्य असणाऱ्यांच्या सह्या घेऊन सत्ताधाऱ्यांपुढे ठेवण्याची पद्धत. सत्ताधारी म्हणजे काळानुसार राजा, संसद, मंत्री, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत. मराठीत अर्ज, विनंतीअर्ज, निवेदन, सह्यांची मोहीम असे बरेच शब्द रूढ आहेत. ‘याचिका’ही म्हणतात, पण हा शब्द ऐकला की बहुतेकांना न्यायालयच आठवते. रिट याचिकेवर किंवा जनहित याचिकेवर न्यायाधीश कायद्याच्या आधारे निकाल देतात आणि तो पाळावा लागतो. निवेदन राजकीय निर्णय घेणाऱ्याकडे जाते. ते फेटाळणे त्याच्या हातात असते. मात्र किती माणसांना आपण नाही म्हणालो, हे त्याला आणि इतरांना कळलेले असते. निवेदनाचा जोर एवढाच, आणि तो दिसतो तितका कमी नाही.

आणखी एक फरक लक्षात ठेवावा लागतो. स्वित्झर्लंडमध्ये राज्यघटना दुरुस्तीच्या प्रस्तावासाठी अठरा महिन्यांत एक लाख सह्या जमल्या की तो मतदानाला टाकावाच लागतो. त्याला लोकपुढाकार म्हणतात. त्याच देशात साधे निवेदन कोणीही देऊ शकतो, पण सरकारवर बंधन एवढेच, की त्याची दखल घ्यावी. सह्या दोन्हीकडे असतात, परिणाम मात्र अगदी वेगळा.

गाऱ्हाणे राजाच्या कानी

ही प्रथा लोकशाहीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. इ. स. २३८ मध्ये थ्रेस प्रांतातील (आजचा बल्गेरिया) स्काप्तोपारा गावच्या लोकांनी रोमन सम्राट तिसरा गॉर्डियन याच्याकडे अर्ज केला. गावाजवळ गरम पाण्याचे झरे होते आणि थोड्या अंतरावर जत्रा भरे. जाणारे-येणारे सैनिक आणि अधिकारी वाट वाकडी करून गावात उतरत, फुकट राहत, फुकट खात. प्रांताधिकाऱ्याने मनाई केली, ती काही दिवस पाळली गेली, मग पुन्हा तेच. ‘असेच चालले तर आम्ही गाव सोडून जाऊ आणि सरकारला आमच्याकडून मिळणारा कर बुडेल,’ असे गावकऱ्यांनी लिहिले. सम्राटाच्या सैन्यातल्या गावच्याच एका माणसाने तो अर्ज पोचवला. उत्तर आले, त्याचा मथितार्थ असा: हे प्रकरण प्रांताधिकाऱ्यापुढे न्या. ज्याच्याकडून काही होत नाही म्हणून वर गेलो, त्याच्याकडेच परत पाठवणी! तरीही गावकऱ्यांनी अर्ज आणि उत्तर दोन्ही दगडावर कोरून घेतले, त्यामुळेच आज ते वाचता येतात. मागणी, कारण, सरकारचाच तोटा दाखवून देणे आणि वर थोडी धमकी, अशी चांगल्या निवेदनाची सगळी अंगे त्यात आहेत.

जपानमध्ये शोगुन (लष्करी शासक) तोकुगावा योशिमुने याने १७२१ मध्ये एदो (आजचे तोक्यो) येथे तक्रारपेटी ठेवली. तिच्यात टाकलेल्या कागदावर नाव-पत्ता हवा, निनावी कागद बाद. ओगावा शोसेन नावाच्या वैद्याने गरिबांसाठी दवाखाना काढावा असे सुचवले आणि १७२२ मध्ये तो कोइशिकावा येथे सुरू झालाही. पण पेटीबाहेर, थेट वरिष्ठांच्या वाटेत उभे राहून गाऱ्हाणे घालणाऱ्याला कडक शिक्षा होत असे. म्हणून शेतकरी एक युक्ती करत: नावांची यादी न करता उघडलेल्या छत्रीच्या काड्यांसारखी गोल सही. पहिले नाव कोणाचे आणि पुढारी कोण, हे त्यातून ओळखता येत नसे. युरोपातले खलाशीही कप्तानाविरुद्धच्या तक्रारीवर अशाच गोलाकार सह्या करत. सही करणे म्हणजे स्वतःला उघडे करणे, हे जगात सगळीकडेच माहीत होते.

हक्क कसा झाला

इंग्लंडमध्ये अर्ज करण्याला कायद्याचे कवच मिळायला भांडण व्हावे लागले. १६६१ च्या कायद्याने कायदे किंवा राज्यव्यवस्था बदलण्याच्या मागणीच्या अर्जावर तीन न्यायदंडाधिकाऱ्यांच्या किंवा पंचमंडळाच्या परवानगीवाचून वीसपेक्षा जास्त सह्या घ्यायला बंदी घातली; अर्ज देण्यासाठी दहापेक्षा जास्त माणसांनी जायचे नाही, असेही ठरले. १६८८ मध्ये राजा दुसरा जेम्स याच्या एका हुकमाविरुद्ध सात बिशपांनी अर्ज केला, तेव्हा त्यांच्यावर राजद्रोही बदनामीचा खटला भरला गेला. पंचांनी त्यांना निर्दोष सोडले. पुढच्याच वर्षीच्या हक्कांच्या कायद्यात राजाकडे अर्ज करणे हा प्रजेचा हक्क ठरला आणि त्याबद्दल पकडणे बेकायदा झाले. अमेरिकेच्या संविधानाच्या १७९१ मधील पहिल्या दुरुस्तीत हा हक्क भाषण आणि मुद्रण स्वातंत्र्याच्या ओळीत आला. तरी १८३६ ते १८४४ या काळात तिथल्या प्रतिनिधिगृहाने गुलामगिरीविरोधी अर्जांवर चर्चाच होऊ नये असा नियम ठेवला होता. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स आठ वर्षे त्या नियमाविरुद्ध लढत राहिले. दडपण्याच्या या खटाटोपामुळेच अर्जांचे ढीग वाढत गेले.

भारतात संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणालाही आपले गाऱ्हाणे संघ राज्यात किंवा आपल्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेतून मांडता येते. ‘इंग्रजीत आणा’ असे म्हणून कागद परत करणे, हे त्यामुळे निव्वळ अडवणुकीचेच ठरते. लोकसभेत आणि राज्यसभेत स्वतंत्र याचिका समित्या आहेत. लोकसभेच्या समितीत पंधरा सदस्य असतात आणि मंत्र्याला तीत घेत नाहीत. समिती खात्यांकडून खुलासा मागते, साक्षी घेते, शिफारस करते. शिफारस बंधनकारक नसते. ही समिती असते हे फार थोड्यांना माहीत आहे.

आकड्यांचे राजकारण

गुलामांचा व्यापार बंद करा, अशी मागणी करणारे ५१९ अर्ज १७९२ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे आले, त्यांवर सुमारे ३ लाख ९० हजार सह्या होत्या. ज्यांना मतच नव्हते अशांच्या त्यांत पुष्कळ सह्या होत्या. व्यापार १८०७ मध्ये बंद झाला. म्हणजे सह्यांनंतर पंधरा वर्षांनी, आणि मधल्या काळात प्रश्न संसदेत पुन्हा पुन्हा येत राहिल्यावर.

ब्रिटिश कामगारांच्या चार्टिस्ट चळवळीची कहाणी याहून बोधप्रद. सर्व पुरुषांना मत, गुप्त मतदान, खासदारांना पगार, मालमत्तेची अट रद्द, समान मतदारसंघ आणि दरवर्षी निवडणूक या तिच्या सहा मागण्या. १८३९ मध्ये सुमारे १२ लाख ८० हजार सह्यांचा अर्ज दाखल झाला, तो २३५ विरुद्ध ४६ मतांनी फेटाळला गेला. १८४२ मध्ये ३३ लाख १७ हजार सह्या होत्या. भेंडोळे एवढे अवजड, की ते संसदेच्या दारातून जाईना, तेव्हा सुटे करून आत न्यावे लागले. तोही २८७ विरुद्ध ४९ ने बाजूला सारला गेला. १८४८ मध्ये पुढाऱ्यांनी ५७ लाखांचा दावा केला. संसदेच्या कारकुनांनी मोजल्यावर आकडा १९ लाख ७५ हजारांच्या आसपास निघाला आणि त्यांत राणी व्हिक्टोरिया, ड्यूक ऑफ वेलिंग्टन अशी टवाळखोर नावे सापडली. वीस लाखांच्या आसपास सह्या काही थोड्या नव्हेत. पण वर्तमानपत्रांना खोट्या मिळाल्या आणि चळवळीचे हसे झाले. फुगवलेल्या आकड्याने चांगल्या मागणीचे नुकसान कसे होते, याचे हे ठळक उदाहरण. गंमत अशी, की सहापैकी पाच मागण्या पुढच्या सत्तर वर्षांत एकेक करून कायदा झाल्या. दरवर्षी निवडणुकीची तेवढी राहिली, आणि ती राहिली हे बरेच झाले म्हणायचे.

सह्या जास्त असलेली बाजू जिंकतेच असेही नाही. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी १८५५ मध्ये विधवाविवाह कायदेशीर करावा म्हणून सरकारकडे अर्ज केला, त्यावर हजाराच्या आत सह्या होत्या. राधाकांत देव यांच्या पुढाकाराने आलेल्या विरोधी अर्जावर तीस हजारांहून अधिक. कायदा १८५६ मध्ये विद्यासागरांच्या बाजूने झाला. शास्त्राधार त्यांनी आधीच मांडून ठेवला होता आणि सरकारला तेवढा आधार पुरेसा होता.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७० मध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ असे सरकार विचारणार हे ओळखून, सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम केला. १८७५ मध्ये ब्रिटिश संसदेत भारतीयांना प्रतिनिधित्व द्यावे या मागणीच्या सभेच्या अर्जावर वीस हजारांहून अधिक सह्या होत्या. मागणी मान्य झाली नाही. अशा अर्ज-विनंत्यांना पुढे जहाल पक्षाने ‘राजकीय भिक्षा’ म्हणून हिणवले. टीका निराधार नव्हती, पण गावोगाव फिरून सह्या घेणाऱ्यांनी लोकांना राजकारणाची ओळख करून दिली, हे तिच्यात निसटते.

दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत १८९४ साली भारतीयांचा मताधिकार काढणाऱ्या विधेयकाविरुद्ध मो. क. गांधी यांनी पंधरा दिवसांत सुमारे दहा हजार सह्या जमवल्या. मजकूर पुरता समजल्याशिवाय कोणाची सही घ्यायची नाही, अशी त्यांची अट होती. लंडनच्या वसाहत खात्याने ते विधेयक अडवले; १८९६ मध्ये वंशाचा उल्लेख टाळून तोच परिणाम साधणारा दुसरा कायदा आला. अर्ज निकामी ठरला असे म्हणावे, तर त्याच्याभोवती उभी राहिलेली संघटना पुढे वीस वर्षे लढत होती.

झाडूच्या दांड्यावर गुंडाळलेली मागणी

स्त्रियांना मत नव्हते तेव्हा संसदेपर्यंत पोचण्याचा सह्या हा जवळजवळ एकमेव मार्ग होता. १८६६ मध्ये १,४९९ स्त्रियांच्या सह्यांचा अर्ज घेऊन दोघीजणी लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये गेल्या. एवढे मोठे भेंडोळे घेऊन उभे राहायला अवघड वाटले, म्हणून सफरचंदे विकणाऱ्या बाईच्या टेबलाखाली त्यांनी ते खासदार जॉन स्टुअर्ट मिल येईपर्यंत लपवून ठेवले. त्या बाईनेही त्यावर सही केली, असे सांगतात.

न्यूझीलंडमध्ये केट शेपर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९१, १८९२ आणि १८९३ असे सलग तीन वर्षे अर्ज केले. दरवर्षी सह्या वाढत गेल्या. १८९३ चा मुख्य अर्ज असा झाला: देशभरातून टपालाने येणारे सह्यांचे कागद शेपर्ड यांच्याकडे जमत, ते एकाखाली एक चिकटवले जात आणि सगळी पट्टी झाडूच्या दांड्याच्या तुकड्यावर गुंडाळली जाई. पाचशेहून अधिक कागद, लांबी सुमारे २७० मीटर. सर जॉन हॉल यांनी ती सभागृहाच्या मधल्या वाटेवर सोडली, तेव्हा ती उलगडत जाऊन दांडा समोरच्या भिंतीवर धाडकन आपटला. त्या वर्षीच्या सर्व अर्जांवर मिळून जवळजवळ ३२ हजार सह्या होत्या, म्हणजे तेथील युरोपीय वंशाच्या प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे चौथा हिस्सा. १९ सप्टेंबर १८९३ रोजी कायदा झाला.

पडद्यावरची सही

ब्रिटिश संसदेच्या संकेतस्थळावर २०१५ पासून दहा हजार सह्यांना सरकारचे लेखी उत्तर मिळते आणि एक लाख झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. युरोपीय संघात किमान सात देशांतून दहा लाख सह्या लागतात. पाण्याच्या हक्काविषयीचा पहिला यशस्वी पुढाकार तिथूनच आला आणि पुढे २०२० च्या पिण्याच्या पाण्याच्या नियमांपर्यंत पोचला. फिनलंडमध्ये सहा महिन्यांत पन्नास हजार सह्या मिळाल्या की संसदेला प्रस्ताव हाताळावा लागतो. समलिंगी विवाहाचा कायदा तिथे याच वाटेने झाला.

उलट उदाहरणही आहे. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची प्रक्रिया थांबवा, या २०१९ मधल्या ब्रिटिश अर्जावर ६० लाखांहून अधिक सह्या झाल्या, संकेतस्थळ कोलमडले, चर्चा झाली आणि सरकारने नकार दिला. एका बोटाने सही करता येते तेव्हा तिची किंमतही तेवढीच धरली जाते. दारात उभे राहून मिळवलेल्या सहीमागे पाच मिनिटांचे बोलणे असते आणि त्यातूनच पुढचा कार्यकर्ता सापडतो. पडद्यावर फक्त आकडा वाढतो.

गावपातळीवर

सर्वाधिक यश स्थानिक निवेदनांना मिळते, कारण तिथे निवडणुकीचा निकाल थोड्या मतांनी फिरतो आणि सही करणारा मतदार सदस्याला ओळखीचा असतो. अशा कागदात एक चूक नेहमी होते: मागणी पहिल्या पानावर आणि पुढची पाने नुसत्या सह्यांची. मग ‘लोकांना काय लिहिलेय ते माहीतच नव्हते,’ असे म्हणायला वाव राहतो. म्हणून दर पानाच्या माथ्यावर मागणीची दोन वाक्ये आणि खाली अनुक्रमांक, नाव, पत्ता, सही असे रकाने ठेवावेत. मागणी एकच असावी आणि ज्याच्या अधिकारात ती येते त्याच्याच नावे कागद असावा. नाहीतर स्काप्तोपाराचे उत्तर मिळते. कागद दिल्यावर तारखेच्या शिक्क्याची पोच घेतली नाही, तर दोन महिन्यांनी ‘असे काही आलेच नाही’ हे ऐकावे लागते.

सहीची जोखीम

चेकोस्लोव्हाकियात मानवी हक्कांची मागणी करणाऱ्या ‘चार्टर ७७’ वर सुरुवातीला अडीचशेच्या आत लोकांनी सह्या केल्या. जानेवारी १९७७ मध्ये तो सरकारकडे नेणाऱ्यांना वाटेतच पकडले. सह्या करणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, मुलांचे शिक्षण अडले. प्रवक्ते यान पातोचका पोलिसांच्या दीर्घ चौकशीनंतर मार्चमध्ये वारले. रशियात ९ जानेवारी १९०५ रोजी (जुन्या पंचांगानुसार) सेंट पीटर्सबर्गचे कामगार झारकडे अर्ज घेऊन निघाले, तेव्हा सैन्याने गोळ्या झाडल्या. व्हेनेझुएलात राष्ट्राध्यक्ष ऊगो चावेस यांना परत बोलावण्यासाठी सार्वमत मागणाऱ्यांची नावे जाहीर झाली आणि त्या यादीवरून अनेकांना सरकारी नोकऱ्यांत डावलले गेले.

हे ध्यानात घेऊन आता काही ठिकाणी नावे झाकली जातात. ब्रिटिश संसदेच्या संकेतस्थळावर अर्ज सुरू करणाऱ्याचे नाव दिसते, सह्या करणाऱ्यांची दिसत नाहीत. कोणत्या मतदारसंघातून किती सह्या आल्या, त्याचा नकाशा मात्र सर्वांना खुला असतो.